दुपारी बंद पडणारा कॉम्प्युटर : प्रोसेसर का तापतो आणि तपासणी कुठून सुरू करायची

सकाळी दहापर्यंत मशीन सुरळीत चालतं. साडेबारा-एक झाला की पंख्याचा आवाज चढतो, एक्सेलची साधी फाइल उघडायला वेळ लागतो, माऊस अडखळतो. अडीच-तीनच्या सुमाराला स्क्रीन एकदम काळी होते. निळा पडदा नाही, कसला संदेश नाही. लगेच बटण दाबलं तर मशीन सुरू होतं आणि विंडोज उघडायच्या आत पुन्हा बंद होतं. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की नीट चालू. संध्याकाळी सातनंतर तक्रारच उरत नाही.

होळीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत आमच्याकडं, म्हणजे परभणी-हिंगोली-नांदेडच्या पट्ट्यात, डेस्कटॉपची ही ठरलेली तक्रार आहे. ई-सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, आडतीवरचं बिलिंग, फोटो स्टुडिओ, शाळेची कॉम्प्युटर लॅब, सगळीकडून एकच वाक्य येतं: "भाऊ, मशीन आपोआपच बंद पडायलंय." मी हे काम वर्षानुवर्षं करतोय. यातली बरीच मशीन दुकानात आणायची गरजच नसते. मालकानं नीट क्रमानं पाहिलं तर घरच्या घरी दुरुस्त होतात. तो क्रम इथं देतोय.

आणखी काही लक्षणं. सुरू होताना काळ्या पडद्यावर 'सीपीयू ओव्हर टेम्परेचर एरर' किंवा 'सीपीयू फॅन एरर' असं येऊन एफ१ दाबायला सांगतं (सीपीयू म्हणजेच प्रोसेसर, मशीनची मुख्य चिप). फ्लेक्सचं मोठं डिझाइन सेव्ह होताना किंवा लग्नाचा व्हिडिओ रेंडर होताना मशीन अर्ध्यावर बंद पडतं, पण नुसतं टायपिंग करताना दिवसभर चालतं. टास्क मॅनेजरमध्ये (कुठला प्रोग्राम प्रोसेसर किती वापरतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) प्रोसेसर १०० टक्के वापरात दिसतो आणि त्याचा वेग मात्र खाली लिहिलेल्या 'बेस स्पीड'पेक्षाही कमी असतो. हे शेवटचं लक्षण फार खात्रीचं आहे. प्रोसेसर मर्यादेपर्यंत तापला की स्वतःला वाचवायला आधी वेग कमी करतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर मशीन बंद करतो. म्हणजे 'बंद पडणं' हा बिघाड नसून त्याचं संरक्षण आहे. बिघाड दुसरीकडं असतो.

काही गोष्टी उष्णतेच्या वाटतात, पण नसतात. ट्यूब मिचकावली त्याच क्षणी मशीन बंद झालं तर यूपीएसची बॅटरी गेलेली असते. निळा पडदा येऊन मशीन रिस्टार्ट होत असेल तर आधी रॅम आणि ड्रायव्हर बघा. स्क्रीनवर रंगीत ठिपके, रेघा आल्या तर ग्राफिक्स कार्डाकडं संशय वळवा. आणि जोराचं काम सुरू होताच मशीन बंद पडतं, पण तापमान साठच्याही पुढं गेलेलं नसतं, तेव्हा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा आतला डबा) कमजोर झालेला असतो. वीज सारखी जाते-येते अशा गावांत यूपीएस आणि उष्णता या दोन तक्रारी एकमेकींत मिसळतात. म्हणून मशीन बंद पडलं ती वेळ आणि तेव्हा लाइट होती का, हे दोन-तीन दिवस कागदावर लिहून ठेवा. अर्धं निदान तिथंच होतं.

आधी खोलीचा पारा बघा

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे आणि ती बहुतेक लोक सोडून देतात. नेटवर लिहिलेलं असतं की मशीन रिकामं असताना, म्हणजे त्यावर काही काम चालू नसताना, प्रोसेसर ३५-४० अंशांवर असावा. ते वाचून लोक घाबरून येतात, कारण त्यांच्याकडं ५५ दिसतं. पण तो आकडा पंचवीस अंशांच्या खोलीसाठी असतो. मे महिन्यात परभणी-नांदेडला बाहेरचा पारा ४२-४३ ला टेकतो आणि पत्र्याच्या गाळ्यात आत त्याहून जास्त भरतं. पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरवर बसवलेला, त्याची उष्णता ओढून घेणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाहीत. खोली ४१ अंशांवर असेल तर रिकाम्या मशीनचं ५५ हे अगदी ठीक आहे.

म्हणून प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा. जो फरक उरतो तोच मशीनची तब्येत सांगतो. कंपनीच्या डब्यातून आलेला साधा हीटसिंक-पंखा असेल तर रिकाम्या मशीनला १० ते २० अंशांचा फरक मी ठीक समजतो. पूर्ण जोरावर जुन्या चार कोअरच्या मशीनला ३५ ते ४५, आणि नव्या सहा कोअरच्या मशीनला ५०-५५ पर्यंत. जानेवारीत जेवढा फरक होता तेवढाच मे महिन्यात असेल, तर मशीन निर्दोष आहे आणि इलाज खोलीचा करायचा आहे. फरकच वाढला असेल तर धूळ, पंखा, पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधे लावलेला लेप) यांतलं काहीतरी आहे. हा एक हिशेब केला की विनाकारण पेस्ट बदलणं आणि विनाकारण नवा पंखा घेणं, दोन्ही वाचतं.

मोजायचं कसं? खोलीसाठी भिंतीवरचा साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या शेजारी, जमिनीपासून मशीनच्याच उंचीवर ठेवा. प्रोसेसरसाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प हे फुकटचे प्रोग्राम त्यांच्या मूळ वेबसाइटवरूनच उतरवून घ्या. टास्क मॅनेजरवर विसंबू नका, त्यात प्रोसेसरचं तापमान दिसत नाही. बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणारं मशीनचं सेटिंगचं पान) दिसतं, पण तिथं प्रोसेसर वीज वाचवण्याच्या अवस्थेत जात नसल्यानं रिकाम्या मशीनपेक्षा आकडा चढा असतो. मशीन सुरू करून दहा-पंधरा मिनिटं रिकामं ठेवा आणि आकडा लिहा. मग सीपीयू-झेडमधल्या 'बेंच' भागातलं 'स्ट्रेस सीपीयू' बटण दाबून पंधरा मिनिटं पूर्ण जोर लावा आणि पुन्हा लिहा. आकडा ९५ च्या पुढं जायला लागला तर चाचणी तिथंच थांबवा.

चाचणी चालू असताना डोळे आकड्यावर ठेवा, कारण तो किती पटकन चढतो यातून दोष कुठं आहे ते कळतं. बटण दाबल्यावर चार-पाच सेकंदांत तापमान ५० वरून ९५ वर उडालं आणि थांबवताच तितक्याच झपाट्यानं खाली आलं, तर प्रोसेसर आणि हीटसिंक एकमेकांना नीट चिकटलेले नाहीत. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाही, ती जागच्या जागी साचते. उलट दहा-वीस मिनिटांत हळूहळू चढत गेलं आणि बंद केल्यावरही उतरायला वेळ लागला, तर उष्णता हीटसिंकपर्यंत नीट पोचते आहे, पण तिथून बाहेर जात नाही. म्हणजे धूळ, पंखा किंवा कोंडलेली जागा. हळू चढणारी मशीन जास्त येतात आणि ती घरी सुधारतात.

तापायची मर्यादा किती ते प्रोसेसरवर अवलंबून असतं. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची १०० अंशांच्या आसपास असते, एएमडी रायझनची ५००० आणि ७००० या मालिकांत साधारण ९० ते ९५. रायझन ७००० मधले नावाच्या शेवटी 'एक्स' असलेले प्रोसेसर पूर्ण जोरावर मुद्दाम ९५ पर्यंत जाऊन तिथं थांबतात. तो बिघाड नाही. रायझनचा आकडा रिकाम्या मशीनलाही वर-खाली उड्या मारतो, त्यालाही घाबरू नका, सरासरी धरा.

फुकटचे इलाज : जागा

आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलाला खाली कॅबिनेटसाठी दार असलेला कप्पा असतो. दिसायला नीटनेटका, पण मशीनसाठी सगळ्यात वाईट जागा तीच. मागून निघालेली गरम हवा कप्प्यात कोंडते, पुढून परत आत ओढली जाते आणि खोली ३८ अंशांवर असताना कप्पा ४८ चा होऊन बसतो. दार काढून टाका, मागची फळी कापता येत असेल तर कापा, नाहीतर सरळ कॅबिनेट बाहेर काढून विटेवर किंवा स्टूलावर ठेवा. जमिनीवर थेट नको, झाडताना उडालेली सगळी धूळ तिथं आत जाते. मागे भिंतीपासून वीतभर जागा हवी. अर्ध्या तासानं पुन्हा आकडा बघा. नुसत्या एवढ्यानं बंद पडायचं थांबलेली मशीन मी कितीतरी पाहिली आहेत.

इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी कॅबिनेटच्या शेजारी असेल तर ती लांब करा. इन्व्हर्टर स्वतः गरम हवा सोडतो, आणि पाणी घालायच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी निघणाऱ्या वाफांनी मदरबोर्डचे, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाचे, सांधे गंजतात.

पाण्याच्या कूलरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तो उन्हाळ्यात घरोघरी असतो. कूलरनं खोलीचा पारा उतरतो आणि त्याचा फायदा मशीनला होतोच. पण कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. त्या हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब आणि गवताचा भुसा येतो, आतल्या धुळीला ओल लागते आणि ती धूळ हीटसिंकच्या पात्यांवर चिखलासकट वाळते. अशी वाळलेली धूळ ब्रशनं निघत नाही. शिवाय आपल्याकडं बोअरचं पाणी क्षाराचं, त्याचे पांढरे डाग बोर्डावर बसतात. कूलर असा ठेवा की झोत कॅबिनेटवर न येता आडवा जाईल, आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे दमट हवा बाहेर जाईल. पाणी मशीनच्या आत गेल्याचा संशय असेल तर मशीन चालू करून पाहू नका. प्लग काढा आणि तसंच कारागिराकडं न्या.

मशीन रिकामं आहे का, हेही बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. काहीच काम चालू नसताना प्रोसेसर ५-१० टक्क्यांच्या खाली असायला हवा. सतत ४०-५० टक्के दिसत असेल तर रांगेत सगळ्यात वर कोण आहे ते बघा. विंडोज अपडेट किंवा अँटिव्हायरसचं स्कॅन असेल तर तासाभरात थांबतं. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस टाकलेले असतील तर एक काढा.

एक विशेष खूण लक्षात ठेवा. पंखा जोरात फिरतोय, तुम्ही टास्क मॅनेजर उघडता आणि काही सेकंदांत पंखा शांत होतो, तापमान उतरतं, आणि टास्क मॅनेजर बंद केला की पुन्हा आवाज. असं होत असेल तर मशीनमध्ये कुणीतरी चोरून क्रिप्टो चलन खणणारा प्रोग्राम शिरलेला असू शकतो. असे काही प्रोग्राम टास्क मॅनेजर उघडला की लपतात. फुकटचं क्रॅक केलेलं फोटो एडिटिंगचं किंवा अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर टाकलं की ही ब्याद बरोबर येते. अशा वेळी पूर्ण स्कॅन करा, आणि तेवढ्यानं गेलं नाही तर डेटा वेगळा काढून विंडोज नव्यानं टाकणंच बरं. त्या मशीनवर बँकेचे व्यवहार होत असतील तर पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून लगेच बदला.

उन्हाळ्यापुरता एक साधा उपायही इथंच सांगतो. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात चालू प्लॅनची अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग, त्यात 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट', आणि त्यातलं 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ करा. या एका टक्क्यानं प्रोसेसरचं टर्बो, म्हणजे काम वाढलं की बेस स्पीडच्या वर पळणं, बंद होतं. टर्बोमध्ये प्रोसेसर जास्त व्होल्टेज घेतो आणि उष्णता बरीच वाढते, म्हणून ते थांबवलं की तापमान ठळकपणे उतरतं. सातबारा काढणं, फॉर्म भरणं, बिलं करणं यांत फरक जाणवतही नाही. व्हिडिओवाल्यांना मात्र जाणवेल. काही मशीनवर हा पर्याय दिसत नाही, तेव्हा पुढं जा.

पंखा आणि धूळ

आता कॅबिनेट उघडायचं. मशीन शटडाउन करा, मागचा प्लग काढा, आणि प्लग काढल्यावर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेला करंट निघून जाईल. समोरून पाहताना डाव्या हाताचं झाकण मागच्या दोन स्क्रूंवर असतं.

आधी नुसतं बघा. पंख्याच्या पात्यात एखादी वायर अडकलीय का? पाल, मुंग्यांचं घर, उंदरानं कुरतडलेली वायर? दसऱ्याला मशीनची पूजा केलेली असेल तर वरच्या जाळीतून अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या आत पडलेल्या असतात, त्या पंख्याजवळ नाहीत ना ते पाहा. बोटानं पंखा हलकेच फिरवा. तो सैल, न घासता फिरला पाहिजे. जड वाटला किंवा करकरला तर त्याचं बेअरिंग गेलंय. शिलाई मशीनचं तेल सोडून तो चार दिवस चालेल, पण मे महिन्याच्या भरवशाचा राहणार नाही, नवा घ्या. पंख्याची वायर बोर्डावर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवरच हवी. दुसऱ्या पिनांवर असेल तर बोर्ड प्रोसेसरच्या तापमानाप्रमाणं त्याचा वेग वाढवेलच असं नाही.

आता धूळ. मराठवाड्यातली धूळ सगळीकडं एकसारखी नसते आणि ती कशी काढायची ते तिच्यावर ठरतं. परभणी, मानवत, सेलूकडं जिनिंगच्या दिवसांत हवेत कापसाचे तंतू असतात. ते हीटसिंकच्या पात्यांमध्ये गुंतून त्यांचा घट्ट थर बनतो. लातूर-उदगीरकडं दालमिलचा भुसा येतो. वसमतकडं हळदीच्या हंगामात पिवळी बारीक भुकटी, जालन्याच्या कारखान्यांच्या बाजूला काळी. आणि दुकानात मशीनशेजारीच रोज अगरबत्ती लावत असाल तर त्या धुराचा चिकट थर पंख्याच्या पात्यांवर बसतो आणि बाकीची धूळ त्याला धरून राहते. अगरबत्तीची जागा चार हात लांब केली तर मशीन दुप्पट काळ स्वच्छ राहतं.

फसवणूक अशी होते की वरून पंखा पुसलेला, चकचकीत दिसतो, आणि त्याच्या खाली, पंखा आणि हीटसिंकच्या मधोमध, थर बसलेला असतो. पंखा फिरतो, आवाज करतो, पण हवा पात्यांमधून जातच नाही. म्हणून पंखा हीटसिंकवरून सोडवून बघा. इंटेलच्या गोल हीटसिंकवर तो प्लॅस्टिकच्या हुकांनी अडकवलेला असतो, रायझनच्या साध्या हीटसिंकवर चौकट सोडवावी लागते. हात बसत नसेल तर टॉर्च मारून पात्यांच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहा.

मशीन अंगणात किंवा गच्चीवर, वाऱ्याला पाठ करून साफ करा. घरात केलं तर तीच धूळ परत आत. एक इंची मऊ रंगाचा ब्रश आणि छोटा हवेचा ब्लोअर पुरतो. फुंकताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. हवेच्या जोरानं पंखा वाटेल तसा फिरला तर बेअरिंग जातं आणि तो उलटा करंट बोर्डात पाठवू शकतो. तंतूंचा थर ब्लोअरनं निघत नाही, तो चिमट्यानं किंवा टूथपिकनं ओढून काढा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाला लावू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज तयार होते आणि ती चिपांना मारते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसरही नको. लोक मशीन थेट तिकडं घेऊन जातात, पण त्या टाकीत पाणी आणि तेल साठलेलं असतं आणि ते हवेबरोबर बोर्डावर उडतं.

एसएमपीएस बाहेरूनच, जाळीतून फुंका. तो उघडायचा नाही. प्लग काढल्यानंतरही त्याच्या आतल्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा करंट राहू शकतो.

साफ झाल्यावर सगळं जोडा, तीच पंधरा मिनिटांची चाचणी करा, तोच फरक काढा. फरक दहा अंशांनी कमी झाला तर तुमचा दोष धुळीचाच होता आणि पुढचं काही करायची गरज नाही. हीच साफसफाई वर्षातून दोनदा करा. एकदा होळीच्या आधी, जिनिंग उतरणीला लागल्यावर, आणि एकदा खंडेनवमीला, अवजारं पुसायची त्याच दिवशी.

बायोसची दोन सेटिंग

हे फुकट आहे, पण नवख्यानं घाईत करायचं नाही. सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. पंख्याचं सेटिंग 'सायलेंट' असेल तर 'स्टँडर्ड' किंवा 'परफॉर्मन्स' करा. बदलायच्या आधी मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून ठेवा. दुसरं, नव्या इंटेल मशीनवर बोर्ड प्रोसेसरला किती वॅटपर्यंत जाऊ देतो ते बघा. कोअर आय५-१२४०० ची मूळ पॉवर ६५ वॅट लिहिलेली असते, पण टर्बोत ती ११७ वॅटपर्यंत जाते, आणि काही बोर्ड तिला तिथं हवा तितका वेळ राहू देतात. डब्यातल्या छोट्या हीटसिंकला पन्नास अंशांच्या कप्प्यात हे झेपत नाही. मर्यादा ६५ वर आणली की तापमान उतरतं. रायझनमध्ये याच कामासाठी 'इको मोड' असतो. ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) आणि व्होल्टेज यांना मात्र हात लावू नका.

हीटसिंक आणि पेस्ट

चाचणीत तापमान चार-पाच सेकंदांत उडत असेल, तर थेट इथं या. मशीन गावाकडून मोटारसायकलवर मांडीत धरून आणलेलं असेल, नुकतंच दुसऱ्या जागी हलवलेलं असेल, तर हीटसिंकचा एखादा पाय निसटलेला असतो. इंटेलच्या साध्या हीटसिंकला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्या उष्णतेनं वर्षानुवर्षं भाजून ठिसूळ होतात. चारातली एक जरी वर आली तरी हीटसिंक तिरका होतो आणि प्रोसेसरच्या अर्ध्या भागालाच टेकतो. हीटसिंक हलक्या हातानं हलवून बघा, तो तसूभरही हलता कामा नये. सुटलेली खुंटी असेल तर तिची टोपी घड्याळाच्या दिशेनं पूर्ण फिरवा आणि 'टक' आवाज येईपर्यंत सरळ खाली दाबा. चारही बसवायच्या असतील तर समोरासमोरच्या, तिरक्या क्रमानं. मागून बोर्डाला आधार द्या, तो वाकता कामा नये. तुटलेल्या खुंट्या स्वस्तात मिळतात. सुतळीनं किंवा तारेनं हीटसिंक बांधून दिलेली मशीन माझ्याकडं येतात. तसं करू नका, दाब सगळीकडं सारखा पडत नाही आणि तार बोर्डाला टेकली तर मशीन कायमचं जातं.

खुंट्या पक्क्या असून तापमान उडतंच असेल, तर पेस्ट वाळलीय. प्रोसेसर आणि हीटसिंक डोळ्यांना सपाट दिसतात, पण दोन्ही धातूंवर बारीक खळगे असतात. त्यांत हवा राहिली की उष्णता अडते, म्हणून तिथं पेस्ट लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात साधी पेस्ट तीन-चार वर्षांत खडूसारखी कोरडी होते. चांगल्या पेस्टची छोटी ट्यूब दोन-चारशे रुपयांत येते आणि तीन-चार मशीनला पुरते.

हीटसिंक काढण्याआधी मशीन पाच मिनिटं चालवा, म्हणजे पेस्ट जरा मऊ होते. मग शटडाउन करा, प्लग काढा. इंटेलच्या खुंट्या घड्याळाच्या उलट दिशेनं पाव फेरा फिरवून वर ओढायच्या. रायझनच्या, त्यातही एएम४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) मशीनवर फार जपून. हीटसिंक सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी डावी-उजवीकडं हळूहळू पिळा, सुटल्याचं जाणवलं की मगच उचला.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणाऱ्या कापडानं पुसा. थिनर, पेट्रोल, रॉकेल नको. हाताचं सॅनिटायझरही नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर राहतो. नवी पेस्ट प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी ठेवा आणि वरून हीटसिंक सरळ दाबा. जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंडावा नाही, जाड थर उलट उष्णता अडवतो. टूथपेस्ट लावायचे व्हिडिओ फिरतात. ती दोन-चार दिवसांत वाळते आणि तापमान पूर्वीपेक्षा वर जातं. लिक्विड मेटल नावाचा प्रकारही साध्या मशीनला नको, त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक खातं, आणि सांडलं तर बोर्ड शॉर्ट होतो. नवा हीटसिंक बसवताना त्याच्या तळाची पारदर्शक फिल्म काढलीय ना, ते दोनदा बघा.

एवढं करून फरक ठीक आला, पण खोलीच ४३ वर असल्यानं आकडा नव्वदीला टेकतोय, असं असेल तर आता पैसे खर्च करण्यात अर्थ आहे. आधी कॅबिनेटच्या मागे हवा बाहेर फेकणारा १२० मिलिमीटरचा एक पंखा, मग पुढून आत घेणारा दुसरा. पंख्याची दिशा बघून लावा, दोन्ही बाहेर किंवा दोन्ही आत नकोत. व्हिडिओचं काम रोजचं असेल तर उंच टॉवर हीटसिंक घ्या, पण कॅबिनेटची रुंदी मोजून. पाण्याच्या नळ्यांचा महागडा कूलर मी आपल्याकडच्या दुकानांना सुचवत नाही. त्याचा पंप बंद पडला की प्रोसेसर मिनिटभरात मर्यादेला पोचतो, आणि बदली पंप तालुक्याला मिळत नाही.

इथं थांबा

पुढच्या गोष्टी दिसल्या तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आणि कारागिराला बोलवा. जळका वास किंवा बोर्डावर काळा डाग. प्रोसेसरभोवतीचे गोल कॅपॅसिटर वरून फुगलेले किंवा त्यांतून तपकिरी द्रव आलेला. सॉकेटमधली किंवा प्रोसेसरची एखादी पिन वाकलेली. ती सुईनं सरळ करायला जाऊ नका. कॅबिनेटला हात लावल्यावर झटका बसत असेल तर कॉम्प्युटरवाल्याच्या आधी वायरमनला बोलवा. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, आणि त्या अवस्थेत मशीन उघडणं जिवावर बेतू शकतं. मशीन वॉरंटीत असेल तर पेस्टच्या आधीच थांबा.

तापमान कायम एकाच आकड्यावर अडकलेलं, किंवा खोलीपेक्षाही कमी दिसत असेल तर सेन्सर किंवा बोर्ड चुकीचं सांगतोय. त्या आकड्यावरून पुढं काही ठरवू नका. आणि नवी पेस्ट, पक्का हीटसिंक, स्वच्छ पाती, चांगला पंखा हे सगळं होऊनही तापमान सेकंदांत उडतंच असेल, तर दोष प्रोसेसरच्या स्वतःच्या धातूच्या झाकणाखाली असू शकतो. इंटेलच्या तिसऱ्या पिढीपासून पुढच्या काही पिढ्यांत त्या झाकणाखालीही पेस्टच आहे, आणि तीही कालांतरानं वाळते. झाकण काढून ती बदलण्याचे व्हिडिओ आहेत, पण जुन्या मशीनवर तो धोका पत्करू नका. टर्बो बंद ठेवून ते वापरा किंवा जुना प्रोसेसर बदलून घ्या.

कारागिराकडं जाताना कागदावर लिहून न्या: मशीन किती वाजता बंद पडतं, तेव्हा खोली किती अंश, रिकामं असताना प्रोसेसर किती, जोरावर किती, आणि तापमान सेकंदांत चढतं की मिनिटांत. धूळ कधी काढली, पेस्ट कधी बदलली तेही. काम झाल्यावर तीच पंधरा मिनिटांची चाचणी त्याच्यासमोर चालवायला सांगा आणि नवे आकडे तारखेसकट कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. पुढच्या मार्चमध्ये तुलना करायला ते लागतील.